पंचनाम्यातले दाजी

कबनूरच्या पिराजीला एका जागी बसवणं म्हणजे चालू माग दोरीनं बांधून ठेवणं. माणूस यंत्रमागावर जॉबर होता. चोवीस मागांच्या मधल्या वाटेनं दिवसभर हिंडायचं, कुठं धागा तुटला, कुठं धोटा अडकला ते बघायचं, हेच त्याचं काम. वीस वर्षांत ती चाल अंगात इतकी मुरली होती की घरी जेवायला बसला तरी दोन घासांच्या मध्ये उठून तो एकदा दाराबाहेर बघून यायचा. स्वतःच्या लग्नात अक्षता पडायच्या आधी तो तीनदा मांडवाबाहेर गेला होता आणि तिसऱ्या खेपेला त्याला शोधून आणावं लागलं होतं, असं त्याची बायको शालूबाई चारचौघांत सांगायची. पिराजी म्हणायचा, दोनदाच.

असा हा माणूस चौऱ्याहत्तर सालच्या एप्रिल महिन्यात कोल्हापुरात, गंगावेशीजवळच्या एका परड्यात, एका खाटेवर अडीच दिवस बसून होता. आजारी नव्हता. कुणी बांधून घातला नव्हता. त्याला कोर्टानं बसवलं होतं, निदान त्या परड्यातल्या सगळ्यांची आणि त्याची स्वतःची तशी खात्री होती.

झालं होतं असं. पिराजीची थोरली लेक, जिला सगळं घर आक्का म्हणायचं, तिचा साखरपुडा गुरुवारी सकाळी अकराला कबनूरला ठरला होता. स्थळ पेठ वडगावचं. घरची बागायत, गुळाचा व्यापार, माणसं सरळ, पण शब्दाची भलती कडक. मुलाच्या चुलत्यानं जाताना उंबऱ्यात थांबून बजावलं होतं, "पावणं, बोलणी तुमच्यासंगं झाल्यात. त्या दिवशी समोर तुमीच पायजे. मागं एका ठिकाणी पोरीचा बा ऐनवेळी गावाला गेला म्हणून सांगितलं, आमी नारळसुद्धा फोडला न्हाई, तसंच माघारी आलो. पुन्यांदा तसं बघितलं तर गाडीतनं पाय खाली टाकणार न्हाई."

पिराजीनं छातीवर हात मारून हो म्हटलं आणि सोमवारी सकाळीच दोन्ही मेव्हण्यांना आवतण द्यायला कोल्हापूर गाठलं. आकाराम हा शालूबाईचा सख्खा भाऊ आणि कृष्णात चुलत. दोघांची घरं एकमेकांना पाठ लावून उभी, मागचं परडं एक. दोघांच्याही म्हशी. रोज संध्याकाळी गंगावेशीच्या कट्ट्यावर म्हैस उभी करायची आणि गिऱ्हाइकाच्या डोळ्यांदेखत त्याच्याच ग्लासात धार मारायची, हा दोघांचा बापजाद्यांपासूनचा धंदा. कोमट दूध, वर बोटभर फेस, गिऱ्हाईक उभ्या उभ्या पिऊन मिशा पुसत चालू लागायचं.

पण गेल्या दिवाळीपासून दोघांचं फाटलं होतं. बोलणं बंद झालं, मग जाणंयेणं बंद झालं, मग परड्याच्या मधोमध दगडांची ओळ आली आणि शेवटी प्रकरण कोर्टात गेलं. पिराजी पोचला त्या सोमवारी आकारामनं परड्यातच खाट टाकली, चिमणाबाईनं, म्हणजे आकारामच्या बायकोनं, चहा आणून दिला आणि पिराजी बशीत चहा ओततोय तोवर कोर्टाचा बेलीफ दारात उभा.

बेलीफ नवा होता. नोकरी लागून तिसरा महिना. दोन्ही वकिलांनी त्याला निक्षून सांगितलं होतं, जे दिसेल ते लिही, काही सोडू नको. त्यानं सोडलं नाही. टेप लावून त्यानं सगळं मोजलं, पंचांच्या सह्या घेतल्या आणि खणखणीत आवाजात वाचून दाखवलं.

"वादातील परड्यात पूर्वपश्चिम दगडांची ओळ, लांबी बावीस फूट. ओळीच्या दक्षिणेस खुंटीला बांधलेली म्हैस एक. उत्तरेस म्हैस एक, बसलेली. दगडी दोण एक. पितळी बादली एक, पोचा आलेली. सुतळीची खाट एक, दोन पाय ओळीच्या अलीकडे, दोन पलीकडे. खाटेवर बसलेला इसम एक, नाव पिराजी, राहणार कबनूर, चहा पीत असलेला."

मग त्यानं दुसरा कागद काढला. पुढच्या तारखेपर्यंत दोन्ही बाजूंनी पंचनाम्यात दाखवल्याप्रमाणे स्टेटस को ठेवायचा. पुढची तारीख उन्हाळी सुट्टीनंतर, बारा जून.

बेलीफ गेला. पिराजीनं बशी खाली ठेवली आणि उठायला गेला.

"दाजी!" आकाराम ओरडला. "बसा खाली!"

"आरं पर मला..."

"तुमी पंचनाम्यात हाईसा!"

ओळीच्या पलीकडून कृष्णातही कमरेवर हात ठेवून उभा राहिला. त्यानं आकारामशी सहा महिने शब्द काढला नव्हता, म्हणून तो म्हशीकडं बघून बोलला, "हितला एक जरी जिन्नस हलला, तर म्या उद्याच्याला कोर्टाच्या बेअदबीची कंटेम टाकणार. मंग बसू दे जेलात."

आकारामही आपल्या म्हशीकडं तोंड करून म्हणाला, "आणि त्यानं हलीवला तर म्या टाकणार."

असं ते ठरलं. आकारामला वाटायचं, दाजी उठले तर कृष्णात म्हणणार, ह्यांच्या पावण्यानं हुकूम मोडला. कृष्णातला वाटायचं, दाजी आपलेही दाजीच, तेव्हा खापर आपल्यावरही फुटणार. विचारायला जावं तर आकारामचा वकील सांगलीला लग्नाला गेलेला, शुक्रवारी येणार. कृष्णातचा वकील "सगळं होतं तसं ठेवा" एवढंच सांगून दुसऱ्या अशिलाकडं वळलेला. आणि पिराजी? तो कोर्टाच्या नुसत्या नावानं गार पडला होता. साखरपुड्याच्या तोंडावर पोरीच्या बापाला पोलीस घेऊन गेले, ही बातमी वडगावपर्यंत जायला कितीसा वेळ लागणार होता?

तो बसला. पण बसणं त्याला कुठलं येतंय? उजवा पाय थरथरायला लागला की डावा त्याच्यावर ठेवायचा, मग डावा सुरू व्हायचा. खाटेची सुतळी त्यानं बोटांनी चाचपून मोजली, उभ्या एकशे बारा, आडव्या चौऱ्याण्णव. सावली दोणीपासून बादलीपर्यंत सरकायला किती वेळ लागतो ते त्यानं पाठ केलं. मंगळवारी दुपारपर्यंत त्याच्या मांडीखालची सुतळी इतकी सैल झाली की तो खाटेवर बसलाय की खाटेत, हे लांबून कळेना.

दोन्ही घरांनी पंचनामा पाळायला म्हणून जी शिस्त लावली ती खुद्द कोर्टानं बघितली असती तर कोर्टही चाट पडलं असतं. आकारामनं रांगोळीची फक्की आणून प्रत्येक जिनसेभोवती पांढरी रेघ मारली. दोणीभोवती, बादलीभोवती, खाटेच्या चारी पायांभोवती. म्हशी पंचगंगेवर धुवायला न्यायच्या तर दोन्ही घरचा एकेक माणूस बरोबर आणि परत आल्यावर म्हैस रेघेत बरोबर उभी राहिली का ते वाकून बघायचं. म्हशीला ती रेघ दोन दिवसांत समजली. पिराजीला नाही. त्याचा पाय सारखा बाहेर यायचा आणि कुणीतरी ओरडायचं, "दाजी, पाय!"

परसाकडला जायचं तर एका बाजूला आकाराम, दुसऱ्या बाजूला कृष्णात आणि खाट रिकामी दिसू नये म्हणून तेवढ्या वेळापुरत्या गुळाच्या दोन ढेपा तिच्यावर. बनाबाईनं, म्हणजे कृष्णातच्या बायकोनं, ढेपांवर पिराजीचा फेटासुद्धा ठेवला. संध्याकाळी दुधाला आलेल्या एका म्हातारबानं त्या ढेपांना रामराम घातला आणि उत्तर आलं नाही म्हणून दाजींना गर्व चढलाय असं पेठेत सांगितलं.

सगळ्यांत वाईट म्हणजे चहा. कागदावर "चहा पीत असलेला" असं होतं. चिमणाबाई पहाटेपासून दर अर्ध्या तासाला कपबशी आणून हातात द्यायची.

"वयनी, आता नको वो. पोटात चहाचं तळं झालंय."

"अवो दाजी, कोर्टाचं काम हाय. एक घोट मारा आणि नुसतं धरून बसा."

सोमवारी धाडलेल्या निरोपाला मंगळवारी संध्याकाळी कबनूरहून उत्तर आलं. शालूबाईनं इचलकरंजीच्या एका सूतवाल्याच्या तोंडी सांगून पाठवलं होतं, "मांडव घातलाय. आचारी सांगितलाय. आक्का बोलत न्हाई, सारखी रस्त्याकडं बघतिया. तुजा नवरा कुठं हाय म्हणून बायका विचारत्यात. मी काय सांगू? कोर्टानं खाटेवर ठेवलाय म्हणून सांगू?"

निरोप ऐकून पिराजी ताडकन उठून उभाच राहिला. दोन्ही घरांतून सहा माणसं धावली. कुणी खांदा धरला, कुणी हात. "दाजी, बारा जूनपातूर दम काढा," आकाराम काकुळतीला येऊन म्हणाला, "तारीख झाली की मी सोता तुमास्नी गाडीत बसीवतो."

"बारा जूनला माज्या पोरीचं काय उरंल रं?" पिराजी म्हणाला आणि त्याचा आवाज असा काही फुटला की कृष्णातनं मान फिरवली. पण हात कुणी सोडला नाही.

बुधवारी संध्याकाळी पाचच्या सुमाराला त्र्यंबकराव आले. कोर्टातून शिरस्तेदार म्हणून निवृत्त झालेले, तिकटीवरच्या माडीत राहणारे, धोतर आणि काळी टोपी, हातात स्वतःचा पितळी पेला. कट्ट्यावरच्या गर्दीत उभं राहणं त्यांना जमायचं नाही, म्हणून ते परड्यातच येऊन धार घ्यायचे. चार दिवस ते नरसोबाच्या वाडीला गेले होते, त्यामुळे त्यांना यातलं काहीच ठाऊक नव्हतं. पांढऱ्या रेघा बघून ते दारातच थबकले.

"आकाराम, हे काय? कुस्त्या आहेत की काय?"

सगळं ऐकून घेताना त्यांची टोपी दोनदा हलली. हसू आवरताना हलायची तशी. "अरे वेड्यांनो," ते म्हणाले, "हुकूम जागेला असतो. माणसाला नसतो. पंचनाम्यात माणसाचं नाव येतं ते कोण हजर होतं हे कळावं म्हणून. पिराजी, उठा आणि घरी जा."

पिराजी अर्धा उठला. आकारामनं त्याला खाली दाबलं.

"त्र्यंबकराव, तुमचा मान हाय. पर तुमी आता रिटायर. कागद बोलतोय, इसम एक, नाव पिराजी. उद्या जज्जसाबानं इचारलं, ह्यो इसम कुठं हाय, तर तुमी येणार का खाटेवर बसायला?"

 त्र्यंबकराव पेला खाली ठेवायला वाकले, रेघ बघून पुन्हा हातातच धरला.

"निदान ह्ये काय हाय ते तरी सांगा," पिराजी कळवळून म्हणाला. "स्टेटस को, स्टेटस को. अडीच दिस झालं, त्या दोन शब्दांनी माज्या ढुंगणाला सुतळीचं वळ उठीवल्यात. हाय कुठलं ह्ये?"

हा प्रश्न त्र्यंबकरावांना पस्तीस वर्षांच्या नोकरीत कुणी विचारला नव्हता. ते दगडांच्या ओळीवर ऐसपैस बसले.

"लॅटिन आहे ते. रोमन लोकांची जुनी भाषा. स्टेटस म्हणजे स्थिती, को म्हणजे ज्या. 'ज्या स्थितीत', बस्स, एवढाच अर्थ. वाक्य पुरं नाहीच ते."

"म्हंजे कोर्टानं मला अर्ध्या वाक्यावर बसीवलंय?"

"अर्ध्याहून कमी. अहो, हे शब्द कोर्टात जन्मले नाहीत, लढाईत जन्मले. तिकडं युरोपात राजे लढायचे, दोघंही थकायचे आणि मग तहाला बसायचे. आता तह कुठल्या भाषेत लिहायचा? याच्या भाषेत लिहिला तर तो फुगणार. म्हणून लॅटिनमध्ये लिहायचे. ती घरी बोलणारं कुणी उरलंच नव्हतं, मग रुसणार कोण? तर त्या तहांत एक कलम असायचं." त्यांनी डोळे मिटले आणि मंत्र म्हणावा तसं म्हटलं, "इन स्टाटु क्वो रेस एरांट आंटे बेल्लुम. बेल्लुम म्हणजे युद्ध, आंटे म्हणजे आधी. युद्धाच्या आधी ज्या स्थितीत गोष्टी होत्या, त्या स्थितीत. म्हणजे काय, तर फौजा मागं घ्यायच्या, जिंकलेले किल्ले परत द्यायचे, कैदी मोकळे करायचे आणि ज्यानं त्यानं आपापल्या घरी जायचं."

पिराजीला एवढं सगळं ऐकू गेलंच नाही. त्याच्या कानात एकच वाक्य घुमलं.

"कैदी मोकळे?"

"मोकळे. पुढं लोकांनी मागचे शब्द गाळले आणि तेवढे दोन ठेवले. शब्द गळले तसा अर्थही सरकला. लढाईच्या आधी होतं तसं, याचं झालं आता आहे तसं. आज कोर्टात हा दुसराच अर्थ चालतो हं, मी आधीच सांगतो."

पण पिराजी आता आवरणार नव्हता. "आकाराम! कृष्णात! ऐकलं का? अस्सल अर्थ ह्यो हाय. लढाईच्या आदी जसं हुतं तसं! तुमची लढाई लागली तवा मी कबनूरला हुतो का न्हाई? मंग मला कबनूरलाच ठेवाय पायजे!"

आकारामनं हनुवटी खाजवली. त्याला हा अर्थ एकदम पटला. "बराबर हाय. आदी ही दगडं नव्हती. फाल्गुनात टाकली त्यानं. दगडं काढा, मंग दाजी मोकळं."

"दगडं का टाकली ते पन सांगावं," कृष्णात म्हशीला म्हणाला. "माघात ह्यानं खुंटी चार हात माज्या बाजूला रवली. लढाई तितनं सुरू. खुंटी काढा, मंग दगडं."

"आन् पौषात दोण कुणी वडली? म्हशीचं पाणी कुणी तोडलं?"

"दिवाळीनंतर आमची म्हस आटली हुती, तवा माज्या म्हाताऱ्या आयला, धोंडुबाईला, वाटी घिऊन आल्यावर परत कुणी पाठीवली? दूध घालनार न्हाई म्हणून?"

बोलता बोलता दोघं म्हशींना विसरले होते. सहा महिन्यांत पहिल्यांदा ते एकमेकांच्या तोंडाकडं बघून भांडत होते. पिराजीही मध्येच ओरडत होता, "आणि मागं! आणि मागं चला!" माघातून पौष, पौषातून मार्गशीर्ष, तो त्यांना हाताला धरून ओढावं तसा मागं ओढत होता. साडेसातची, कबनूरवरनं जाणारी इचलकरंजीची गाडी त्याला दिसायला लागली होती.

आणि कार्तिकात पोचल्यावर त्याचा पाय एकदम थांबला. दोन्ही पाय. अडीच दिवसांत पहिल्यांदा.

"म्हातारीला परत पाठीवली ती का?" आकाराम म्हणत होता. "तूच बोललास की पाडव्याला!"

"काय बोललो?"

 पाडवा. म्हशींची शिंगं रंगवलेली, पायांत घुंगरू, वाजत गाजत पळवायचा दिवस. दुपारी तो आकारामच्या पंगतीला होता, संध्याकाळी कृष्णातच्या.

"बास, बास," तो घाईघाईनं म्हणाला. "पौषापातूर पुरं हाय. दोण जाग्यावर न्हेऊन ठेवा, मला सोडा. लई मागं जाऊ नगासा."

"का?" त्र्यंबकराव म्हणाले. "लढाईच्या आधी म्हणजे आधी. अर्ध्या लढाईत थांबून तह होत नाही."

"म्या काय बोललो त्ये सांग की," कृष्णात ओळीच्या अगदी काठावर आला.

"तू म्हणालास, आकारामच्या गिलासात अर्धा फेसच असतो! हात वर उचलून धार मारतो, गिऱ्हाइकाला फेस पाजतो, दूध खाली बोटभर!"

कृष्णात चाट पडला. "म्या? आरं, बोललास तर तू! कृष्णात म्हशीला मिठाचं पाणी पाजतो, म्हणून त्याचं दूध पातळ!"

डोळ्यांदेखत धार काढून देणाऱ्याला याच्याहून मोठी शिवी नसते. दुकानदाराला कुणी पाणी घालतो म्हटलं तर तो हसण्यावारी नेईल. पण ज्याचा सगळा धंदा गिऱ्हाइकासमोर उघड्यावर उभा आहे, त्याचं दूध खोटं म्हणणं म्हणजे त्याच्या बापाला खोटं म्हणणं. म्हातारीची वाटी परत गेली ती यामुळं. दोण, खुंटी, दगड, वकील, सगळं यामुळं.

"म्या असं कवाच बोललो न्हाई," आकाराम हळूच म्हणाला.

"म्या पन न्हाई."

"तुला कुणी सांगितलं?"

"तुला कुणी?"

  चिमणाबाई कपबशी घेऊन आली होती, ती तशीच उभी राहिली.

पिराजीला दोन वाटा दिसत होत्या. नाव सांगितलं नाही तर लढाई कधी लागली हे ठरणार नाही आणि तो बारा जूनपर्यंत या खाटेवर. सांगितलं तर आक्काच्या पाठीशी उभे राहणारे दोन्ही मामा गेले. वडगावची माणसं मामा कुठं म्हणून विचारणार, ते वेगळंच. त्याच्या डोक्यात तेवढ्यातही चार थापा तयार झाल्या. एक म्हातारबा, एक सूतवाला, एक मेलेला माणूससुद्धा. मेलेल्यावर घातलं की विचारायला कुणी जात नाही. पण कुणाचंही नाव घेतलं की हे दोघं तिकडं धावणार आणि नवी लढाई लागणार. गाडी साडेसातची होती.

"म्या सांगितलं," तो म्हणाला.

सगळे त्याच्याकडं वळले, तसा तो पुढं सांगत गेला.

"दुपारी आकारामकडं तांबडा रस्सा झाला हुता. गप्पा रंगत नव्हत्या. म्हटलं, जरा फोडणी द्यावी. म्हणून कृष्णातच्या नावावर फेसाचं सांगितलं. आकाराम पेटला आणि आणखी वाढायला सांगितलं. संध्याकाळी कृष्णातकडं तसंच. मिठाचं पाणी मला येता येता वाटंत सुचलं. मला वाटलं, दोगं चार दिस फुगतील आणि गोड हुतील. एवडी दगडं पडतील असं वाटलं न्हाई."

"दोन वाट्या रश्श्यापायी?" बनाबाईनं विचारलं.

"तीन," पिराजी म्हणाला. आता लपवून काय उपयोग होता.

आकारामचा हात खांद्यावरून गळाला. कृष्णातनं कमरेवरचे हात काढून घेतले. दोघांच्या चेहऱ्यावर एकच राग होता, आणि दिवाळीनंतर त्या दोघांत सारखी अशी ती पहिलीच गोष्ट.

"उठा," आकाराम म्हणाला.

"पर कंटेम..."

"उठा म्हणतो ना. तुमच्यापरास जेल बरा."

पिराजी उठला. पायांना मुंग्या आलेल्या, खाटेला त्याच्या आकाराचा खळगा पडलेला. फेटा गुंडाळत तो दारापर्यंत गेला आणि तिथून मागं न बघता म्हणाला, "उद्या अकराला हाय साखरपुडा. आवतण द्यायलाच आलतो." दोन्ही मेव्हण्यांनी पाठ फिरवली. त्र्यंबकरावांनी तेवढं हळूच सांगितलं, "गाडी चुकेल."

गुरुवारी सकाळी कबनूरला पिराजीनं पहाटेपासून मांडवाला अठरा फेऱ्या मारल्या. शालूबाईनं त्याला रात्री काहीच विचारलं नव्हतं. सकाळीही तिनं एवढंच म्हटलं, "आलासा न्हवं? मंग आता हितंच ऱ्हावा." आक्का हिरव्या साडीत आत बसली होती. पावणेअकराला वडगावची माणसं आली. चुलत्यानं पिराजीला समोर बघितलं, समाधानानं मान हलवली, सतरंजीवर मांडी घातली आणि सभोवार नजर फिरवली.

"पोरीचं मामा दिसत न्हाईत?"

पिराजीच्या जिभेवर थाप आली. म्हैस व्यायलीय. साधी, सोपी, कुणालाही पटेल अशी. आकारामची म्हैस आणि कृष्णातला बरोबर थांबावं लागलं. तोंड उघडलंसुद्धा. आतल्या दाराच्या चौकटीत आक्का उभी होती. बापाच्या तोंडाकडं बघत होती. बाप थाप मारायच्या आधी कसा श्वास घेतो ते तिला लहानपणापासून माहीत होतं.

"पावणं," पिराजी म्हणाला, "त्येंच्यात भांडण हाय. कोर्टात गेलंय. आणि त्ये म्या लावलेलं हाय. म्हणून आलं न्हाईत."

 चुलत्याची मिशी हलेना. "लावलं म्हंजे?"

त्यानं सांगितलं. फेस, मिठाचं पाणी, रस्सा, खाट, गुळाच्या ढेपा, सगळं. वडगावची एक म्हातारी ढेपांना रामराम घातल्याचं ऐकून फसकन हसली आणि पदर तोंडाला लावून गप्प झाली. चुलता हसला नाही. तो शेजारच्याशी कुजबुजला. मग म्हणाला, "पावणं, पोरगी चांगली हाय. पर उद्या तुमी आमच्या दोन भावांत असंच काय लावलं तर? तुमच्या तोंडाचा जामीन कोण?"

पिराजीनं आतल्या दाराकडं बघितलं. त्या वेळी रस्त्यावर हॉर्न वाजला. मोठा, तीनदा.

मांडवातली माणसं वाकून बघायला लागली. दाराशी ट्रक उभा होता. ट्रकात दोन म्हशी, दोघींची शिंगं रंगवलेली, आणि दोघींच्या मध्ये, एकेका म्हशीच्या गळ्यात हात टाकून, आकाराम आणि कृष्णात. फळी लावून म्हशी उतरवल्या. कुणाला काही न विचारता त्यांनी म्हशी मांडवाच्या तोंडाशी, पावण्यांच्या डोळ्यांदेखत उभ्या केल्या. आकारामनं चरवीतून पाणी घेऊन म्हशीची कास धुतली. कृष्णातनं त्याच्या हातातली चरवी मागितली आणि आकारामनं ती दिली.

"म्हशी पंचनाम्यात हाईत की रं," पिराजी नकळत पुटपुटला.

"गप बसा," कृष्णात म्हणाला.

धार सुरू झाली. चर्र, चर्र. पहिला ग्लास चुलत्याला, दुसरा त्याच्या भावाला, मग म्हातारीला. वडगावची माणसं उभी राहून प्यायली, मिशा पांढऱ्या झाल्या, पुन्हा ग्लास पुढं आले. मग आकारामनं एक ग्लास भरला, कृष्णातनं एक भरला आणि दोघं एकदमच पिराजीसमोर येऊन उभे राहिले. मांडवातले सगळे बघत होते. चुलताही, मिशा पुसायचं विसरून.

"दाजी, घ्या," आकाराम म्हणाला. "आणि आता सगळ्यांम्होरं सांगा. फेस किती हाय?"

"आणि पातळ कुणाचं हाय?" कृष्णात म्हणाला.

पिराजीनं पहिला ग्लास घेतला. एका दमात रिकामा केला. दुसरा घेतला, तोही रिकामा केला.  त्याच्या जिभेवर चार वाक्यं आली असतील, चारही चांगली, चारहींना मांडव हसला असता. त्यानं ती दुधाबरोबर गिळली आणि दोन्ही ग्लास पुढं केले.

"अजून एकेक घाला," तो म्हणाला.

चुलत्यानं आत बघून हाक दिली, "साखर आणा वो कुणीतरी! आन् पोरीला भायेर बोलवा!"